आधी कागद, मग क्रॉस

प्रिय,

फोटो पाहिला. मागे १९१८ दिसतंय, म्हणून हा पहिल्या महायुद्धातला क्रॉस, असं विक्रेता सांगतो आणि तू फीचे पैसे काढायला निघालास! अरे, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, हे ब्रिटिशांचं हवाई शौर्यपदक, सुरूच झाला ३ जून १९१८ ला. ते साल प्रत्येक क्रॉसच्या पाठीवर असतं. देण्याचं साल दुसऱ्या महायुद्धात खालच्या भुजेवर बारीक कोरायचे. तुझ्या फोटोत नेमकी तीच भुजा धूसर आलीय.

आणि नाव? सरकार हा क्रॉस बिननावाचाच द्यायचं. क्रॉस मिळायचा बॉम्बरमधल्या अधिकाऱ्याला; त्याच बॉम्बरमधल्या सार्जंट गनरला क्रॉस नाही, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल. हा हुद्द्याचा भेद १९९३ पर्यंत चालला. गंमत बघ, मेडलच्या कडेवर मात्र नाव कोरलेलं असायचं. क्रॉस मुकाच. मग त्याच्या वतीने बोलणार कोण? विक्रेता. म्हणून म्हणतो, आधी कागद.

पहिल्या महायुद्धातल्या वैमानिक इंद्रलाल रॉयचंच घे. हा क्रॉस मिळालेला पहिला भारतीय. २२ जुलै १९१८ ला फ्रान्सच्या आकाशात मारला गेला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. क्रॉस जाहीर झाला सप्टेंबरात. जो तो लिहितो, दहा विमानं पाडली. गॅझेटमधलं, म्हणजे सरकारी राजपत्रातलं, मानपत्र तेरा दिवसांत नऊ म्हणतं. दहा की नऊ यावर वाद घाल खुशाल, पण कागद वाचून घाल.

मी नव्हता वाचला. सव्विसाव्या वर्षी चोरबाजारात अख्खा पगार मोजला, 'बर्माच्या आघाडीवरचा पायलट' एवढ्या शब्दांवर. घरी येऊन भिंग लावलं, तर खाली १९४०. बर्मातली लढाई जपानशी, आणि जपान युद्धात उतरला डिसेंबर १९४१ मध्ये! त्या महिन्यात आईला काय सांगितलं, ते तुला सांगणार नाही.

तो क्रॉस अजून कपाटात आहे. विकला नाही. विकताना मलाही काहीतरी गोष्ट सांगावीच लागली असती. आणि खोटा तो विक्रेता होता, क्रॉस नव्हे. कुणीतरी जीव धोक्यात घालून मिळवलेलाच ना तो? बायको याला हट्ट म्हणते. म्हणू दे.

तू पैसे देऊ नकोस. खालच्या भुजेचा फोटो जवळून काढ, तिरप्या उजेडात, आणि विक्रेत्याला विचार, गॅझेटची तारीख कोणती? काय म्हणतो ते कळव.

तुझा,
काका