सीट खाली केली म्हणजे सायकल मापाची होत नाही

प्रश्न : वय ३४, उंची ४ फूट १० इंच. तीन वर्षं हायब्रिड सायकल चालवतेय. रविवारी नरसोबाच्या वाडीला जाऊन येते, म्हणजे साधारण ४० किलोमीटर. आता २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे, म्हणून रोड बाइक घ्यायचं ठरवलं. बजेट ७० हजार. एका दुकानात ‘स्मॉल’ दाखवली आणि म्हणाले, “सीट खाली करून देतो मॅडम, काही प्रॉब्लेम नाही.” बसून पाहिलं, पाय पोचले, पण ब्रेकपर्यंत हात नेताना अंग पुढे लोळल्यासारखं झालं. दुसऱ्या दुकानात सांगितलं, तुमच्या उंचीत रोड बाइक येतच नाही, मुलांची २४ इंची घ्या. आमच्या ग्रुपमधले एक दादा म्हणतात, स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) छोटा टाकला की झालं. ताई, कोणाचं ऐकू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानदारांचं ऐकू नका. दादांचं अर्धं ऐका. कुठलं अर्धं ते पुढे सांगते.

मी ४ फूट ११. म्हणजे तुमच्यापेक्षा एक इंच श्रीमंत. २०१४ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुण्यातल्या एका दुकानातून मी पहिली रोड बाइक घेतली. ५२ नंबरची फ्रेम. मलाही हेच वाक्य ऐकवलं होतं, “सीट खाली करून देतो.” करून दिलीही. सीट इतकी खाली गेली की सीटचा पाइप जेमतेम चार बोटं दिसत होता. खडकवासल्याच्या पुढे डोणज्यापर्यंत गेलं की माझी करंगळी आणि अनामिका बधिर व्हायची, मानेत चमक यायची. सात महिने मी समजत होते की वय झालं. डॉक्टरांनी मानेचे व्यायाम दिले, तेही केले. मग एका रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी चहा पिताना माझ्याएवढ्याच उंचीच्या एका मुलीची सायकल सहज फिरवून पाहिली. ब्रेकवर हात आपोआप जाऊन बसले. कोपर किंचित वाकलेलं. मला रडूच आलं, खरं सांगते. आणि त्याहून जास्त राग आला.

माझी आई नारायण पेठेत ब्लाउज शिवायची. गिऱ्हाईक यायचं, “काकू, बाही जरा आखूड करा, हात वर होत नाही.” आई म्हणायची, बाहीचा दोष नाही, मुंढा चुकलाय. मुंढा चुकला की बाही कितीही कापा, हात वर होत नाही. सायकलचा मुंढा म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर. उंची सीट वरखाली करून सांभाळता येते, त्यामुळे दुकानात सगळे उंचीबद्दलच बोलतात. लांबीचं काय? ब्लाउजच्या शिवणीत निदान थोडी माया ठेवलेली असते, उसवून वाढवता येतं. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला माया नसते.

आता छोट्या फ्रेममध्ये गडबड कुठे होते ते सांगते, कारण हे कळलं की दुकानात तुम्हाला कोणी गुंडाळू शकणार नाही. रोड बाइकचं चाक ७००सी असतं. रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर, टायर धरून ६७ सेंटिमीटरच्या आसपास. फ्रेम लहान झाली तरी चाक लहान होत नाही. सहा फुटी माणसाला जे चाक, तेच तुम्हाला. मग फ्रेम खरोखर आखूड केली तर पुढचं चाक तुमच्या पायाच्या बोटांना लागेल. ते टाळायला कंपन्या दोन गोष्टी करतात. पुढचा फोर्क थोडा पुढे कलता करतात आणि सीटचा पाइप जास्त उभा करतात. पाइप उभा केला की वरचा आडवा पाइप कागदावर आखूड दिसतो. दुकानदार तोच आकडा दाखवतो, “बघा मॅडम, दोन सेंटिमीटर कमी आहे.” पण तुमच्या सीटची उंची ६० सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर पाइपच्या कोनात एका अंशाचा फरक पडला की सीट एक सेंटिमीटर पुढे जाते. पायडलच्या मानाने बसायची तुमची जागा तर बदलत नाही, म्हणून तुम्ही सीट पुन्हा तेवढी मागे सरकवता. आणि हँडल होतं तिथेच राहतं. कागदावर वाचलेला सेंटिमीटर रस्त्यावर गायब!

म्हणून वरच्या पाइपचा आकडा विचारूच नका. प्रत्येक चांगली कंपनी आपल्या वेबसाइटवर जॉमेट्रीचा तक्ता देते, त्यात ‘रीच’ आणि ‘स्टॅक’ बघा. पायडलच्या दांड्या ज्या आसावर फिरतात, त्या आसापासून हँडलच्या पाइपच्या डोक्यापर्यंत आडवं अंतर म्हणजे रीच, उभं म्हणजे स्टॅक. सीट कुठेही सरकवा, हे आकडे हलत नाहीत. तुमच्यासाठी रीच ३६० मिलिमीटरच्या आतबाहेर असलेल्या फ्रेमपासून सुरुवात करा. अनेक कंपन्यांच्या ‘एक्स-स्मॉल’ आणि ‘स्मॉल’मध्ये रीचचा फरक चार-पाच मिलिमीटरचाच निघतो, तेव्हा नुसत्या अक्षरावर जाऊ नका. एकीचा एस दुसरीचा एक्सएस असतो, हे तर कुर्त्यांच्या दुकानातही आपल्याला ठाऊक आहे. आणखी एक बारकावा : दोन सायकलींचा रीच ताडून पाहताना स्टॅकही सारखा हवा. हँडलखाली १० मिलिमीटरच्या चकत्या घातल्या की हँडल वर जातं, तसंच सुमारे ३ मिलिमीटर मागेही येतं.

तुमचं स्वतःचं माप घरीच घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाडसर पुस्तक पायांच्या मध्ये वर दाबून धरायचं, सीटवर बसल्यासारखं वाटेल इतकं. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. समजा ६७ सेंटिमीटर आलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की ५९ येतात. दांड्यांच्या त्याच आसापासून सीटच्या वरपर्यंत साधारण एवढी उंची. हे सूत्र अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने चालतं. ते वेदवाक्य नाही, पण सुरुवातीला पुरतं.

याच ६७वरून पुढचा मुद्दा, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा : क्रँक, म्हणजे पायडलची दांडी. दुकानातल्या बहुतेक सायकलींना १७० मिलिमीटरची क्रँक असते, लहान फ्रेमला फार तर १६५. तुमच्या ६७ सेंटिमीटरच्या पायाला १७० म्हणजे पायाच्या २५ टक्के. तुमच्या ग्रुपमधल्या दादांचा पाय ८६ सेंटिमीटरचा आणि क्रँक १७२.५ची असेल, तर त्यांच्यासाठी ती २० टक्के. त्यांना तुमच्या हिशेबाने क्रँक द्यायची तर २१८ मिलिमीटरची द्यावी लागेल. देऊन बघा आणि म्हणा, “स्टेम छोटा टाकला की झालं!” लांब क्रँकमुळे पायडल वर येताना गुडघा पोटाला भिडतो, कंबर डावी-उजवीकडे हलत राहते, आणि संध्याकाळी दुखतं ते सीटच्या नावाने खपतं.

क्रँक १७०ची १६० केली की पायडल वरच्या टोकाला १० मिलिमीटर कमी वर येतं, आणि खालच्या टोकाला पाय पुरावा म्हणून सीट १० मिलिमीटर वर घ्यावी लागते. दोन्ही मिळून गुडघ्याला २० मिलिमीटर जागा मोकळी होते. शिमानो या गिअर-ब्रेकच्या कंपनीच्या १०५ नावाच्या सेटमध्ये १६० मिळते. खालच्या सेटमध्ये १६५वर थांबावं लागण्याची तयारी ठेवा, तीही १७०पेक्षा बरी. चढावर जोर कमी पडेल अशी भीती घालतील. हिशेब सोपा आहे : सहा टक्के जोर कमी, तर मागचा सगळ्यात मोठा दातेरी गिअर ३२ऐवजी ३४ दात्यांचा घ्या. भरपाई झाली.

आता दादांचं अर्धं. स्टेम छोटा करणं हा वाईट उपाय नाही. ९० किंवा १००चा स्टेम आला असेल तर ७०पर्यंत खुशाल या. पण मी त्या ५२ नंबरच्या फ्रेमवर ४५चा स्टेम लावून पाहिला होता आणि बोपदेव घाटाच्या उतारावर हँडल असं भिरभिरायचं की सासवडला जाऊन आल्यावर दातखीळ सुटायला अर्धा तास. स्टेम ही आखूड केलेली बाही आहे. मुंढा बरोबर असेल तरच उपयोगी.

त्याहून स्वस्तात हातांना सुख देणाऱ्या दोन गोष्टी आहेत, त्या कोणी सांगत नाही. एक, हँडलची रुंदी. ब्लाउजसाठी शिंपी खांदा मोजतो तसा मोजा, हाडापासून हाडापर्यंत. आपल्यासारख्या बायकांना ३६ किंवा ३८ सेंटिमीटरचं हँडल लागतं, सायकलवर बहुधा ४० किंवा ४२चं येतं. बदलून मागा आणि बदलताना ‘कॉम्पॅक्ट’ मागा, त्यात हँडलचा पुढे येणारा भाग ७० मिलिमीटरच्या आसपास असतो. दोन, ब्रेकचा लिव्हर. शिमानोच्या बहुतेक रोड लिव्हरमध्ये तो हँडलजवळ आणायला एक चिमुकला स्क्रू असतो. आपली बोटं आखूड. फिरवून घ्या आणि मग केबल पुन्हा ताणून घ्या. दुकानातल्या पोऱ्यासमोर उभं राहून करून घ्या, “करून ठेवतो” ऐकून घरी जाऊ नका.

२४ इंची मुलांच्या सायकलीचं म्हणाल, तर त्यांत गिअर मोजके आणि चांगला टायर मिळणं कठीण. २०० किलोमीटरसाठी नको. पण लहान चाकाची कल्पना मुळात चुकीची नाही. ६५०बी चाकाची रोड बाइक मिळाली तर जरूर बघा. त्याची रिम ५८४ची, म्हणजे २७.५ इंची माउंटन बाइकचीच, त्यामुळे ट्यूब कुठेही मिळते. ६५०सी मात्र नाव सारखं असलं तरी वेगळं, रिम ५७१. जुन्या परदेशी सायकली त्या चाकाच्या कधीकधी स्वस्तात विकायला येतात. भुलू नका. रस्त्यात टायर फाटला तर टायर कुठून आणाल?

‘लेडीज’ लिहिलंय म्हणून घेऊ नका आणि नाही लिहिलं म्हणून सोडूही नका. जायंट कंपनीने स्त्रियांसाठी लिव हा वेगळा ब्रँड काढला आणि त्यांच्या फ्रेमही वेगळ्या आहेत. उलट काही मोठ्या कंपन्या आता फ्रेम एकच ठेवतात. सीट, हँडल, क्रँक तेवढं बदलतात. शेवटी तक्ता आणि टेप. बजेटमधले पाच-सहा हजार हँडल, स्टेम, क्रँक बदलायला बाजूला काढूनच ठेवा, आणि जुनी सायकल घ्यायला लाजू नका. माझी सध्याची एका मैत्रिणीच्या मैत्रिणीची आहे. लहान फ्रेमला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे घासाघीसही जमते.

आणि हो, दुकानासमोर एक चक्कर मारून ठरवू नका. अर्धा तास चालवायला द्या म्हणावं. बीआरएमच्या २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. तेवढा वेळ हात त्याच जागी असणार आहेत. अर्ध्या तासात करंगळीला मुंग्या आल्या, तर सायकल परत करा आणि घरी या. वाडीची बासुंदी खा.

प्रश्न : उंची १५१ सेंटिमीटर. नवी रोड बाइक घेतली. हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. सदोष माल दिलाय का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. वरच्या उत्तरातलं ७००सी चाकाचं प्रकरण वाचा. लहान फ्रेममध्ये हे होतंच. वेगात सायकल वळते ती झुकून, हँडल फार फिरत नाही, त्यामुळे तेव्हा काही होत नाही. धोका अगदी हळू वळताना. कर्वे रस्त्यावर यू-टर्न घेताना मी अशीच आडवी झाले होते, चालण्याच्या वेगात, मागच्या रिक्षावाल्याने उचललं. तेव्हापासून सवय लावली : हळू वळताना वळणाच्या आतल्या बाजूचं पायडल वर ठेवायचं आणि पाय फिरवायचे नाहीत. क्रँक आखूड केली तर तेवढेच मिलिमीटर वाचतात. बुटाची क्लीट (तळाचा, पायडलमध्ये अडकणारा तुकडा) पुढे सरकवली की बूट मागे येतो, पण त्यासाठी पोटरी दुखवून घेऊ नका. मडगार्ड लावाल तेव्हा मात्र पुन्हा तपासा, कारण बूट टायरऐवजी मडगार्डमध्ये अडकतो आणि ते वाईट.

अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९८५ साली फक्त स्त्रियांसाठी सायकलची कंपनी काढली. त्यांनी यावर सरळ उपाय केला होता : मागे ७००सी, पुढे २४ इंची छोटं चाक. दिसायला विचित्र, पण बूट लागत नसे. अर्थात मग घरात दोन मापांच्या ट्यूब ठेवायच्या.

प्रश्न : बायकोच्या चाळिसाव्या वाढदिवसाला रोड बाइक सरप्राइज द्यायची आहे. तिची उंची पाच फूट. कुठली घेऊ?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही तिला न विचारता ब्लाउज शिवून आणता का? वाढदिवशी पाकिटात पैसे ठेवा आणि वरचं पायाचं माप घेताना टेप धरा. दुकानात सोबत जा, पण दुकानदार तुमच्याशी बोलायला लागला की तिच्याकडे बोट दाखवा. सीट तिने निवडायची. तिथे रुंदी महत्त्वाची, मऊपणा नव्हे. बसायच्या दोन हाडांमधलं अंतर मोजायला खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्यावर बसवलं की दोन खळगे उमटतात. हे मात्र घरीच करा.