दीनार सोन्याचा की चांदीचा?

प्रश्न असा : रोमन 'देनारियस' चांदीचा होता, मग आपल्या जुन्या ग्रंथांत आणि कोरीव लेखांत 'दीनार' सोन्याचा कसा? शब्द उचलताना घोळ झाला का?

घोळ झालेला नाही. रोमच्या सोन्याच्या नाण्याला आज 'औरेउस' म्हणतात (इंग्रजी वळणाने 'ऑरियस'). पण लॅटिनमध्ये ते मुळात विशेषण आहे : 'सोन्याचा'. पूर्ण नाव 'देनारियस औरेउस'. असं एक नाणं चांदीच्या २५ देनारियसांच्या मोलाचं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या वस्तूंमध्ये सोन्याचे आणि चांदीचे, दोन्ही देनारियस सांगितले आहेत. स्थानिक चलनात ते बदलताना नफा होई. म्हणजे नावातलं विशेषण तिकडे उरलं आणि नाम आपल्याकडे नांदलं. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसऱ्याच्या काळातल्या सांचीच्या लेखात २५ दीनारांचं दान आहे, आणि अमरकोशात 'निष्क' या शब्दाचा एक अर्थ 'दीनार' असा दिला आहे. तोवर शब्द पुरता घरचा झाला होता.

मला सगळ्यात आवडतं ते त्याचं मूळ. 'देनी' म्हणजे दहा-दहा. आरंभी एक देनारियस दहा 'अस' या ब्राँझच्या नाण्यांचा. लॅटिन 'देकेम' आणि आपलं 'दश' हे सख्खे भाऊ, तेव्हा दीनारात आपला 'दहा'च दडलेला आहे!

नाशिकच्या लेण्यांतल्या उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाच्या जावयाच्या) लेखात मात्र 'दीनार' नाही. तिथे सोन्याच्या नाण्याला 'सुवर्ण' म्हटलं आहे आणि भावही दिला आहे : ३५ कार्षापणांना (चांदीच्या नाण्यांना) एक.

जोडप्रश्न होता, रोमन नाण्यांवरच्या देवतांना मराठीत इंद्र, लक्ष्मी अशी नावं द्यावीत का? माझं ठाम मत : देऊ नयेत. रोमन सम्राट नीरोच्या औरेउसवर सिंहासनावर बसलेला 'युप्पितेर कुस्तोस', म्हणजे रक्षणकर्ता ज्युपिटर, हाती वीज धरून आहे. ती पाहून 'इंद्र' म्हणायचा मोह होतो. पण शब्दाचं नातं इंद्राशी नाहीच, ते ऋग्वेदातल्या 'द्यौष्पितः' (हे आकाशपित्या) या हाकेशी आहे. इंद्र म्हटलं की ते नातं पुसलं जातं. कुषाणांनी ही चूक केली नाही. हुविष्काच्या सोन्याच्या नाण्यांवर शिवासारखा दिसणारा 'ओएशो' आहे, इजिप्तकडचा 'सरापो' (सेरापिस देव) आहे आणि शिरस्त्राण घातलेली 'रिओम'ही आहे, जिला काही अभ्यासक खुद्द रोमदेवी मानतात. प्रत्येकीशेजारी तिचं स्वतःचं नाव, फक्त बाख्त्री या कुषाणांच्या भाषेतल्या उच्चारात.