वाडी ते बर्डी बीआरटी: मधोमध दोन लेन आखल्या की भागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नागपुरात अमरावती रोडवर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळा जलद मार्ग, करायला दुभाजकालगत दोन लेन राखून ठेवल्या तर वाडी, दत्तवाडी या उपनगरांतल्या लोकांचं बर्डीला (सीताबर्डीला) येणं लवकर होईल का. नुसत्या लेननं फारसं होणार नाही. वेळ जातो तो चौकात.

उजवीकडे वळणारी गाडी मधली बसलेन ओलांडूनच जाते. तिला वेगळा सिग्नल द्यावा लागतो, चक्र लांबतं, आणि लेनमध्ये वाचवलेली मिनिटं बस लाल दिव्यावर घालवते. दिल्लीत 2008 साली सुरू झालेला बीआरटी मार्ग 2016 मध्ये उखडला, त्यात लांबलेल्या सिग्नलांचाही वाटा होता. त्यामुळे रविनगर आणि लॉ कॉलेज चौकात उजवं वळण बंद करून पुढून यू-टर्न द्यायची तयारी आहे का, हे आधी विचारा. वाडीत तर गोदामांकडे वळणारे ट्रकही आहेत. त्यांना यू-टर्नसाठी केवढी जागा लागते, ते तिथं उभं राहिलं की कळतं.

मग रुंदी. बसच्या दोन लेन 7 मीटर, मधला फलाट 4, इतर वाहनांना दोन्ही बाजूंनी साडेसहा म्हणजे 13, फूटपाथ अडीच-अडीच. झाले 29. थांब्यावर उभ्या बसला मागच्या बसनं ओलांडून जावं असं वाटत असेल, तर आणखी 7. हुबळी-धारवाडला थांब्यांजवळ अशी जागा ठेवली, म्हणून तिथं जलद फेऱ्या चालवता आल्या. आपल्याकडे मात्र वाडीत आणि विद्यापीठ परिसराकडे उड्डाणपूल आहेत. पुलाचा चढ नेमकी दुभाजकाची जागा खातो. बस वरून नेली तर खालची वस्ती सुटते, खालून नेली तर खांबांमध्ये फलाट बसत नाही. तेवढ्या तुकड्यात बस इतर वाहनांतूनच न्यावी, असं माझं मत.

दाराचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मधल्या एकाच फलाटावरून दोन्ही दिशांच्या बस पकडायच्या तर दार उजवीकडे हवं. नेहमीच्या शहर बसला ते डावीकडे असतं. उपनगरासाठी दोन्हीकडे दारं असलेली बस घ्यावी, म्हणजे ती दत्तवाडीच्या आतून माणसं घेत येईल आणि पुढं लेनमध्ये शिरेल. नाहीतर नाक्यावर बस बदला, आणि इतका खटाटोप करण्यापेक्षा माणूस आपली दुचाकी काढतो. फलाटाची उंचीही बसच्या मजल्याशी जुळायला हवी. बस 400, 650 आणि 900 मिलिमीटर अशा वेगवेगळ्या मजल्यांच्या येतात, त्यामुळे बस ठरल्याशिवाय फलाट बांधू नये.

फायदा किती, तेही मोजून घ्या. अंतर 8 किलोमीटर धरा. ताशी 16 किलोमीटर वेगानं जायला 30 मिनिटं, यायला 30, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं थांबा, म्हणजे पूर्ण फेरी 70 मिनिटांची. दर 5 मिनिटांनी बस हवी तर 14 गाड्या लागतात. वेग 24 झाला की फेरी 50 मिनिटांवर येते आणि तेच काम 10 गाड्यांत होतं. उरलेल्या चार गाड्या दत्तवाडीच्या आतल्या रस्त्यांवर फिरवणार की डेपोत उभ्या करणार, हे आराखड्यात लिहून घ्या.