कॉम्प्युटर अडतो तो नेमका कुठं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट बंद झाली. तेव्हापासून येणारी बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत: सुटे भाग जोडून बांधलेला कॉम्प्युटर आणि त्यावर बसायला तयार नसलेली ऑपरेटिंग सिस्टिम. 'दुकानदार म्हणतो बोर्ड गेला' हे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात आहे. खरोखर बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, गेलेले फार थोडे. प्रश्न पाठवताना स्क्रीनवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा किंवा मोबाईलनं फोटो काढा. काम कोणत्या टप्प्यावर थांबलं हे कळलं की अर्धं उत्तर हाती येतं.

भाऊ, चायना बोर्ड अन् जुना झिऑन प्रोसेसर घेऊन पीसी बांधला. लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावला की लोगो येते, मंग स्क्रीन काळी. काऊन असं होऊन रायलं? (विद्यार्थी, वणी)

लोगो आला, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि पेनड्राइव्ह यांनी आपापलं काम केलं. घोडं अडलंय ते चित्र दाखवण्यापाशी. झिऑन ई५ च्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे तुम्ही एखादं जुनं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असणार. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू होताच त्या कार्डाचा ताबा घेऊन स्क्रीनची मांडणी बदलू पाहतं आणि काही जुन्या कार्डांशी त्याचं तिथं जमत नाही. मशीन बहुतेक वेळा आत चालूच असतं, आपल्याला दिसत नाही एवढंच.

पेनड्राइव्हच्या पहिल्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' अशी ओळ असेल तर ती निवडा. नसेल तर पहिल्या ओळीवर थांबून 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी लांब ओळ दिसेल. तिच्यात 'क्वाएट स्प्लॅश' हे शब्द सापडले की त्यांच्यापुढं एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजीत, लहान अक्षरांत, सलग लिहा: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. मग एफ१० दाबा.

इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना हेच पुन्हा करावं लागू शकतं. बरीच मुलं इथंच फसतात. काळी स्क्रीन पाहून सगळं पहिल्यापासून सुरू करतात. मशीन चालू होताना एस्केप (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम; त्याच्या जुन्या पद्धतीत शिफ्ट) दाबलं की तोच मेनू येतो. आत गेल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून कार्डासाठी ड्रायव्हर सुचवला असेल तर टाका.

एक गोष्ट न विचारता सांगतो. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम आणि साधी रॅम एकत्र लावू नका. तशा जोडीनं बोर्ड सुरूच होत नाही आणि माणूस चांगला बोर्ड फेकून देतो.

आमच्या सेवा केंद्रात तिसऱ्या पिढीचा आय५ आहे. विंडोज ११ टाकताना 'हा पीसी पात्र नाही' असं येतं. मुलगा म्हणतो, ती अट काढून टाकता येते. टाकू का? (मूल, जि. चंद्रपूर)

मुलगा बरोबर सांगतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पेनड्राइव्ह बनवताना रूफस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही तपासणी वगळण्याची सोय आहे आणि तुमच्या आय५ वर सिस्टिम चालेलही. कोअर टू ड्युओ असता तर मात्र काहीच उपाय नव्हता. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला काही सूचना, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा, प्रोसेसरमध्येच लागतात आणि कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत.

तरीही तुमच्या केंद्रासाठी माझं उत्तर नाही असंच आहे. अपात्र मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. तुमच्या टेबलावर रोज गावाची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे येतात. घरी मुलांच्या अभ्यासाला असं मशीन चालेल. लोकांची कागदपत्रं ज्यावर उघडतात त्यावर नको. जुन्या बाजारात आठव्या पिढीचं ऑफिसमधून निघालेलं मशीन शोधा. लिनक्सचा विचार असेल तर तुमचं अंगठ्याचं यंत्र त्यावर चालतं का, हे आधी बघा.

विंडोज टाकताना कधी ३० टक्क्यांवर अडकते, कधी ७० वर, कधी मशीनच बंद पडते. चार पेनड्राइव्ह बदलले. (अचलपूर)

चार पेनड्राइव्ह बदलूनही दर वेळी जागा वेगळी, हे तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. दर वेळी एकाच टक्क्यावर अडकलं असतं तर मी डाउनलोड केलेल्या फाइलवर किंवा डिस्कवर संशय घेतला असता. जागा बदलते तेव्हा मी उष्णता, रॅम आणि वीज या क्रमानं बघतो.

आपल्याकडं उष्णतेचं दुखणं हिवाळ्यातच सुरू होतं. जिनिंग चालू असताना हवेत उडणारे कापसाचे तंतू पंख्यातून आत जातात आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये नमद्यासारखे दाटून बसतात. तेव्हा थंडी असते, कुणाला कळत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तेच मशीन धाप टाकतं. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तरी तापत राहिला तर मशीन बंद होतं. यवतमाळकडच्या एका दुकानातल्या मशीनचा पंखा मी उघडला तेव्हा खाली अख्खी वात निघाली होती. दुकानदारानं त्याआधी दोनदा विंडोज बदलून घेतली होती आणि दोन्ही वेळा पैसे दिले होते. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तेव्हा मशीन बंद करून, पिन काढून, पंखा उतरवा. मऊ ब्रशनं पाती साफ करा, प्रोसेसरवरची जुनी सुकलेली पेस्ट पुसून मोहरीएवढी नवी लावा. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबरानं हलक्या हातानं घासा. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन एकेक पट्टी तपासा. एक जरी लाल ओळ आली तर ती पट्टी बाद.

विजेचं राहिलं. कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि स्वस्त एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीज देणाऱ्या डब्याला) ते झेपत नाही. पंप बंद असतील ती वेळ बघून इन्स्टॉल करा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग आधी दुरुस्त करून घ्या, बाकी सगळं नंतर.

डिस्क दिसते, पण 'एमबीआर पार्टिशन आहे, ईएफआय सिस्टिमवर फक्त जीपीटी डिस्क चालते' असं येतं. (आर्वी)

पेनड्राइव्ह यूईएफआय (ईएफआय) या मशीन सुरू करण्याच्या नव्या पद्धतीनं सुरू झालाय आणि डिस्कची मांडणी जुनी, एमबीआर आहे; नव्या पद्धतीला जीपीटी मांडणी लागते. बूट मेनूत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसत असेल, तर ज्याच्यापुढं 'यूईएफआय' लिहिलेलं नाही ते निवडा. विंडोजच्या 'डिस्कपार्ट' या डिस्कच्या साधनात 'क्लीन' करा असं कुणी सांगेल. त्यानं डिस्कवरचं सगळं जातं. आधी मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून फोटो, कागदपत्रं बाहेर काढा.

लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी असेंबल पीसीवर मॅकओएस टाकू का? (पुसद)

नका टाकू. ॲपलचा परवाना फक्त त्यांच्याच मशीनसाठी आहे आणि मॅकओएस २६ ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलनं जाहीर केलंय. दाविंची रिझॉल्व्ह विंडोजवर मोफत मिळतं. लग्नसराईच्या तोंडावर चालतं मशीन मोडू नका.

रात्री विजेच्या बोर्डाची पिन काढली की सकाळी तारीख मागं जाते. कधी कधी विंडोज सुरूच होत नाही, निळी स्क्रीन येते. फॉरमॅट करू का? (देसाईगंज)

मदरबोर्डावरचा गोल सेल संपलाय. सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल घड्याळवाल्याकडंही मिळतो. तारीख चुकली की वेबसाइटही सुरक्षिततेच्या चुका दाखवतात. निळ्या स्क्रीनचं कारणही बहुधा हेच: सेल संपला की बायोसच्या सेटिंग मूळ पदावर जातात आणि काही जुन्या बोर्डांवर डिस्कशी बोलण्याची पद्धत 'एएचसीआय'वरून 'आयडीई' होते. मग विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. सेल बदला, बायोसमध्ये सॅटा मोड (हीच ती पद्धत) पुन्हा एएचसीआय करा, तारीख भरा, सेव्ह करा. तोवर फॉरमॅटला हात लावू नका.