नागपूर नेमके कुठे संपते?

प्रश्न : आमचे घर मनीषनगरच्या पुढे, शहराच्या दक्षिण हद्दीलगत आहे. प्लॉट घेतला तेव्हा भोवती तुरीची वावरे होती आणि घरकर ग्रामपंचायतीत भरावा लागे. आता तिथे नगरपंचायत आहे. समोरच्या ओळीत महापालिकेचे नळ आहेत, आमच्या ओळीत उन्हाळ्यात टँकर येतो. चौकातला दिवा चार महिने बंद होता, तेव्हा एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवले आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. आधार कार्डावर मात्र पत्ता नागपूरचाच आहे. मग आम्ही नागपूरकर आहोत की नाही?
— एक वाचक, दक्षिण नागपूर

उत्तर : आपल्या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, कारण नागपूरची हद्दच एक नाही. महापालिकेचे क्षेत्र ढोबळमानाने सव्वादोनशे चौरस किलोमीटर आहे. त्याच्या भोवती २०१७ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच्या अखत्यारीत सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटर क्षेत्र व सातशेहून अधिक गावे आली. जनगणनेची रेषा आणखी निराळी : २०११ मध्ये महापालिका हद्दीत सुमारे २४ लाख, तर लगतच्या वस्त्यांसह मोजलेल्या ‘नागरी समूहा’त सुमारे २५ लाख लोक होते. या रेषा स्थिरही नसतात. हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावे २०१३ मध्ये महापालिकेत आली. प्लॉटच्या जाहिरातींतले नागपूर या सर्वांहून ऐसपैस असते, हे आपण अनुभवलेच असेल.

आपल्याकडे शहर वाढले ते बहुतांशी लेआउटमधून. आधी शेतावर चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट विकले गेले, घरे उभी राहिली आणि गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी), रस्ते व पाणी यांचा विचार त्यानंतर झाला. खुद्द शहरात ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनीच ओळखले जाणारे अभिन्यास, म्हणजे लेआउट, याच वाटेने मंजुरीविना आले. त्यांना नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा वापरला गेला आणि ‘आरएल (नियमितीकरण पत्र, ‘रेग्युलरायझेशन लेटर’) झाला का?’ हा प्रश्न नागपुरात सोयरीक जुळवतानाही विचारला जाऊ लागला. मात्र आरएल मिळाले म्हणजे प्लॉट नियमित झाला, एवढेच. नळ त्यासोबत येत नाही.

आपल्या गोंधळाचे मूळ माझ्या मते हद्दीपेक्षा कामांच्या वाटणीत आहे. बाहेरच्या भागात नियोजन आणि बांधकामाचा नकाशा महानगर प्राधिकरणाकडे, तर दिवाबत्ती, सफाई आणि मालमत्ता कर स्थानिक संस्थेकडे, अशी साधारण विभागणी असते. नगरपंचायत ही संस्थाच मुळी ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामीणतेकडून नागरीकरणाकडे जाणाऱ्या ‘संक्रमणशील क्षेत्रा’साठी योजिली आहे. संक्रमण किती वर्षे चालावे, हे मात्र कायद्याने सांगितलेले नाही आणि तोवर रहिवासी शहराच्या भावाने घर घेऊन गावाच्या सोयींत राहतो.

आता दिव्याविषयी. आपल्या घराची कर-पावती कोणत्या संस्थेची आहे ते पाहावे आणि तिच्याकडे खांबाचा क्रमांक नोंदवून लेखी अर्ज द्यावा. पोच घेतल्याशिवाय परतू नये. तरीही टोलवाटोलवी झाली, तर त्या खांबाच्या देखभालीची जबाबदारी आणि वीजबिल कोणत्या संस्थेकडे आहे, एवढीच माहिती माहितीच्या अधिकारात मागावी. शुल्क १० रुपये आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत तो त्या कार्यालयाकडे हस्तांतरित करण्याचे बंधन २००५ च्या कायद्याच्या कलम ६(३) ने पहिल्याच कार्यालयावर घातले आहे. म्हणजे या वेळी हेलपाटा अर्जाला पडेल, आपल्याला नाही.