आधी तिचा लॅपटॉप परत द्या

प्रश्न: मुलगी चिक्कोडीत पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) आहे, विज्ञान शाखा. गाव दूधगंगेकाठी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात घर सोडावं लागलं. हल्ली ती पुराचे नकाशे करत बसते. नकाशे रंगवून कुणाचं पोट भरलंय? सीईटी होईपर्यंत लॅपटॉप काढून घेतलाय. शेजारचा मुलगा बेंगळुरूला चांगला कमावतो. कॉम्प्युटरमधली कोणती शाखा घ्यावी?
– एक पालक, निपाणी तालुका

उत्तर: शाखेचं नंतर बघू. तुमच्या पत्रात शेजारचा मुलगा आहे, त्याची कमाई आहे. मुलीला काय हवंय याची एक ओळ नाही. जिनं दोनदा जनावरं सोडवून घर सोडलं, ती पोर आज विचारतेय की पुढच्या वेळी पाणी कुठवर चढेल. तुम्ही त्यावर तिचा लॅपटॉप कपाटात ठेवलात. त्यानं मार्क वाढणार नाहीत. ती तुमच्याशी बोलणं मात्र बंद करेल, आणि मला तीच काळजी जास्त वाटते.

‘रंगवणं’ हा शब्द काढून टाका. कोयनेतून इतका विसर्ग, दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून इतका, त्यात खाली कृष्णेचा फुगवटा; मग दूधगंगेचं पाणी कुठल्या गल्लीपर्यंत येईल? अशा प्रत्येक ‘जर’चा वेगळा नकाशा होतो. सॉफ्टवेअर तो आपोआप देत नाही. जमिनीच्या उंचीचा फुकट मिळणारा डेटा ३० मीटरच्या चौकटींचा असतो, आणि उपग्रहाच्या रडारला बऱ्याचदा माती नव्हे, उसाचा शेंडा दिसतो. त्यात काही मीटरची चूक सहज निघते. नदीकाठच्या गाळाच्या सपाट रानात एका मीटरनं किती शेतं बुडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून भिंतीवरच्या जुन्या पाणखुणा मोजाव्या लागतात, पुलाचा भराव पाहावा लागतो, नदीच्या पात्राचा आडवा छेद घ्यावा लागतो. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार ढगांतूनही पाहतं. त्याच्या २०१९ च्या चित्रांशी नकाशा ताडून बघता येतो. पण उपग्रह रोज वरून जात नाही, पुराचा कळस हुकू शकतो. हे सगळं गणित आणि भौतिकशास्त्र आहे. तुम्हाला हवा तो अभ्यासच ती करतेय.

मार्ग: केसीईटीतून (कर्नाटकची सीईटी) सिव्हिल इंजिनिअरिंग, पुढे एम.टेक.साठीच्या ‘गेट’ परीक्षेचा जिओमॅटिक्स, म्हणजे भूमापन आणि नकाशाशास्त्राचा पेपर. महागड्या ‘जीआयएस’ (संगणकावरच्या नकाशांच्या) सर्टिफिकेटवर पैसे घालू नका, डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात. सुरुवातीचा पगार कोडिंगवाल्यांपेक्षा कमी असू शकतो, हे मान्य करून चाला.

एक गोष्ट मात्र तिनं ऐकावी: कन्नड पक्कं कर. धरणं महाराष्ट्रात, पूर आपल्या दारात, आणि तहसीलदार कचेरीतला कारभार कन्नडमध्ये. दोन्हीकडची आकडेवारी वाचू शकणारी माणसं सीमाभागात फार थोडी आहेत.

सीईटीपर्यंत रोज किती वेळ नकाशाला द्यायचा, ते दोघांनी बसून ठरवा. पुढचं पत्र तिला लिहू द्या. उंचीचा डेटा कुठला घेतला आणि उसाचं काय केलं, हे मला तिलाच विचारायचंय.