कोकणातलं जुनं घर पाडताना सिमेंटच्या पत्र्यांची खरंच एवढी काळजी घ्यावी लागते का?

हो, घ्यावी लागते. पण पत्र्यांच्या आधी दुसरीच एक गोष्ट तपासा, नाहीतर पाडलेलं घर पुन्हा बांधताच येणार नाही.

तुम्ही लिहिलंय की विजयदुर्गला किल्ल्याच्या जवळ आजोबांचं चिऱ्याचं कौलारू घर आहे, मागे नंतर जोडलेली न्हाणी, गोठा आणि पडवी सिमेंटच्या पत्र्यांखाली आहे, आणि कंत्राटदार म्हणतो की जेसीबी लावून दोन दिवसांत सगळं साफ करून देतो. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुन्या घरांची दुरुस्ती आणि उतरवणी करतो, त्यामुळे हे 'दोन दिवसांत साफ' माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

विजयदुर्ग किल्ला केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. जुन्या स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये बदल झाला, तेव्हापासून नियम असा: संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती किंवा नूतनीकरण करता येतं, पण परवानगी घेऊन. आता जेसीबीने जोत्यापर्यंत सगळं खाली आणलंत, तर दुरुस्ती कशाची दाखवणार? २०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलाय, त्यामुळे 'गावात कोण विचारतंय' हा हिशेब आता धरू नका. अंतर नजरेने ठरवू नका, रीतसर मोजून घ्या. खाडीकाठ जवळ असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचंही तसंच विचारा. घर अधिकृत असल्याचे जुने कागद, घरपट्टीच्या पावत्या, पाडण्याआधीचे फोटो हे सगळं हाताशी असू द्या.

आता पत्रे. आपल्याकडे जुने करड्या रंगाचे नालीदार सिमेंटचे पत्रे म्हणजे बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचेच. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, म्हणून अखंड पत्र्याखाली बसून जेवलात तर काही होत नाही. पत्रा फुटला, कापला किंवा घासला की तंतू सुटतात. डोळ्याला न दिसणारे हे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन तिथेच राहतात. आजार वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा उमटतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना प्रत्येक कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलं, ते याचसाठी. त्यामुळे 'आम्ही आयुष्यभर हेच केलं, आम्हाला काय झालं?' असं कोणी गडी म्हणाला तर त्याला तेवढ्यापुरतं हसू द्या, पण मास्क लावायला लावा. रुमाल बांधून उपयोग नाही. साधा एन-९५ यासाठी पुरत नाही, बारीक तंतू अडवणारा एफएफपी-३ दर्जाचा मास्कच घ्या.

कोकणात वाईट गोष्ट अशी की पत्र्यांची कामं लोक नेमकी एप्रिल-मेमध्ये काढतात. सगळं कोरडं ठणठणीत आणि वर दुपारचा खारा वारा. त्यात कोणीतरी पत्र्यावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडतो, कोणीतरी माप जुळवायला कटर फिरवतो. हे दोन्ही अजिबात नको. जमलं तर पावसाळा संपल्यावर, सकाळी वारा पडलेला असताना काम घ्या. पत्रे आधी पाण्याने भिजवा, पाण्यात थोडा साबण टाका म्हणजे पाणी मुरतं. हुकाचे बोल्ट गंजलेले असणारच. पत्रा हिसकण्यापेक्षा बोल्ट कापा. पत्रा अख्खा उचलून दोघांनी हातोहात खाली द्यायचा, वरून टाकायचा नाही. वर चढणाऱ्याने पत्र्यावर पाय न ठेवता फळीवर ठेवायचा, कारण जुना पत्रा पायाखाली सरळ फुटतो. त्या पडण्याने हात-पाय मोडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ते संकट वीस वर्षं थांबत नाही. उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून वर ठळक लिहून ठेवा. खालची जमीन कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. गड्यांचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला जाऊ देऊ नका.

पत्रे टाकायचे कुठे, याचं सोपं उत्तर नाही. टाकाऊ ॲस्बेस्टॉस २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे आणि असा कचरा घेणारं केंद्र नवी मुंबईजवळ तळोज्याला आहे. थोडेच पत्रे असतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत गुंडाळलेले ठेवा. पडक्या चिरेखाणीत टाकू नका. खाणीत पावसाचं पाणी भरतं, जांभा दगड ते पाझरवतो, आणि खालच्या वाडीच्या विहिरी त्यावरच चालतात. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर उत्तर कोकणात फुटक्या पत्र्यांचे तुकडे लोकांनी चिखलात टाकून पायवाटा केल्या. त्यावरून गाड्या जाऊन ते रोज थोडे थोडे दळले जातात. तुमच्या खळ्यात तसं होऊ देऊ नका. आणि गोठ्यावरचा एखादा पत्रा धडधाकट असेल आणि तो भाग पाडायचा नसेल, तर त्याला हातच लावू नका.

माझ्या मते तुमच्या घरात पत्र्यांइतकीच काळजी न्हाणीच्या चुलीची आहे. उतरवलेलं लाकूड आपण काय करतो? सागवान आणि फणसाचे खांब विकतो किंवा ठेवतो, उरलेल्या रिपा, वासे, चौकटी फोडून पाणी तापवायला लावतो. त्या चौकटींवर पन्नास-साठ वर्षांचे ऑइलपेंटचे थर असतात. रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणजे त्याआधीच्या प्रत्येक थरात शिसं असू शकतं, हे धरूनच चला. असं लाकूड जाळलं की काही शिसं धुरात जातं आणि बाकीचं राखेत राहतं. त्याच राखेने आपल्याकडे भांडी घासतात आणि तीच माडाच्या मुळाशी घालतात. मुलांना शिसं फार लवकर बाधतं. रंगवलेलं लाकूड चुलीला नको. दारं ठेवायची असतील तर रंग ओला करून खरवडा, ब्लोलॅम्प किंवा कोरडा पॉलिशपेपर लावू नका, आणि खपल्या गोळा करून वेगळ्या ठेवा.

वाळवीचं औषधही विसरू नका. जुन्या घरांत माळ्यावर, वाशांच्या खोबणीत गॅमॅक्सिनची पावडर मारलेली असते, जोत्याच्या मातीत ऑल्ड्रिन ओतलेलं असतं. बीएचसी, म्हणजे ती पावडर, १९९७ पासून बंद आहे. ऑल्ड्रिन त्याच्या आधीच गेलं. पण ही औषधं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. माळ्यावर पांढुरकी भुकटी किंवा तो ओळखीचा कुबट वास आला तर हात न लावता आधी ओलं करा, आणि जोत्याची माती परसातल्या भाजीला नेऊ नका. वटवाघळांची लेंडी असेल तर तीही भिजवून, मास्क लावूनच काढा.

चिरे मात्र वाया घालवू नका. चुन्यात बांधलेली भिंत पहारीने वरून एकेक थर सोडवली तर बहुतेक चिरे अख्खे निघतात आणि पुढच्या बांधकामात किंवा कुंपणाच्या गडग्याला चालतात. जेसीबीच्या दाताखाली त्याच भिंतीचा भुगा होतो आणि पत्र्याचे तुकडे, रंगाच्या खपल्या, माती सगळं त्यात मिसळतं. मग ते निवडणं कोणालाच शक्य नाही. म्हणून कंत्राटदाराला लेखी द्या: आधी पत्रे, मग रंगवलेलं लाकूड, मग माळा, मग कौलं, वासे आणि भिंती, शेवटी जोत्यापुरतं लागलंच तर यंत्र. दोन दिवसांचे दोन-तीन आठवडे होतील आणि मजुरी वाढेल. चिरे, कौलं आणि चांगलं लाकूड विकून त्यातली काही भरून निघते, सगळी नाही.

एक राहिलं. भिंतीच्या सांध्यांत आणि कौलांच्या ढिगात फुरसं आणि विंचू हमखास असतात. गड्यांना हातमोजे आणि बूट द्या, ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवायला सांगा, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं इंजेक्शन शिल्लक आहे ना, हे काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा.